नगरधनचं भुयार बघायला निघालेल्या ताईंना

ताई, तुम्ही जे लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझी काही चूक होत असेल तर कळेल. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही पुण्याहून काटोलजवळच्या माहेरी येणार. सोबत ७१ वर्षांची आई, तिचे गुडघे दुखतात. मुलगी ९ वर्षांची, मुलगा १४ चा. एका गाडीवाल्यानं ‘भुयारं आणि दंतकथा’ अशी एका दिवसाची सहल सुचवली आहे, त्यात ७ ठिकाणं आणि सोबत गाईड. मुलाला नगरधनच्या किल्ल्यातून रामटेकला जाणारं भुयार बघायचंच आहे, कारण आजोबांनी त्याला ती गोष्ट सांगितली होती. ही सहल घ्यावी की आपली आपण गाडी करून जावं, एवढंच तुम्ही विचारलंय.

मी नागपूरजवळच्या रामटेकच्या अवतीभवती २२ वर्षं पाहुण्यांना हिंडवतो आहे. माझं सरळ उत्तर: गाईड घ्या, पण ती ७ ठिकाणांची सहल घेऊ नका. ३ ठिकाणं पुरेत. आणि भुयार बघायला मिळणार नाही, हे मुलाला पुण्यातच सांगा, नगरधनच्या दरवाजात नको.

तुमची खरी अडचण गाडीची किंवा पैशांची नाही असं मला वाटतं. एकाच दिवशी आईला देवदर्शन हवंय, मुलाला जमिनीखालचं काहीतरी गूढ हवंय, धाकटीला गोष्ट हवीय आणि तुम्हाला हे सगळं खरं किती, खोटं किती ते कळायला हवंय. यातलं एकही मोडू नये, असा दिवस कसा लावायचा, हा प्रश्न आहे. तो लागतो. त्यासाठी आधी भुयाराचं बोलू.

विदर्भात असा किल्ला, असा जुना वाडा मला माहीत नाही ज्याच्या नावावर एक भुयार नाही. गावातला म्हातारा माणूस शपथेवर सांगतो, ‘भुयार हाये ना भाऊ, पन आता बुजलं.’ तो खोटं बोलत नसतो. त्यानं लहानपणी एक काळं तोंड पाहिलेलं असतं आणि उरलेली वाट त्याच्या आज्यानं सांगितलेली असते. नगरधन ते रामटेक अंतर ७-८ किलोमीटर. माणूस ताठ चालेल असं १ मीटर रुंद, २ मीटर उंच भुयार धरा. साडेसात किलोमीटरला १५,००० घनमीटर माती निघेल. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ३ घनमीटर मावते असं धरलं तर ५,००० ट्रॉल्या. एवढ्या मातीचा ढीग कुठे आहे? मधल्या पट्ट्यात धानाची शेतं आहेत, पावसाळ्यात पाणी जमिनीच्या वरच्या अंगालाच असतं. तिथे न ढासळणारं, पाणी न भरणारं, हवा खेळणारं भुयार करायचं तर वाटेत हवेसाठी विहिरींसारखी भोकं लागतील. ती कुणाच्याही धुऱ्यावर दिसत नाहीत. तुमचा मुलगा १४ वर्षांचा आहे ना, हा हिशेब त्यालाच करायला द्या. मी शाळेच्या मुलांना देतो. भुयार हातातून गेल्याचं दुःख या हिशेबाच्या नादात बरंच कमी होतं.

मग त्या म्हाताऱ्यानं काय पाहिलं होतं? इथे गंमत सुरू होते, कारण आपल्या भाषेत जमिनीखालच्या जागांना वेगवेगळी नावं आहेत आणि आपण सगळ्यांना भुयार म्हणून मोकळे होतो. तटाच्या पायातून पावसाचं पाणी बाहेर काढणारी मोरी असते, ती आतून पाहिली की भुयारच वाटते. वेढा पडला तर निसटायला ठेवलेली चोरवाट असते, ती तटापलीकडच्या झाडीत संपते, दुसऱ्या गावात नाही. वाड्याखाली तळघर असतं, भिंतीत धान्याचं बळद असतं. बावडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या पोटात ओवऱ्या असतात. आणि सगळ्यात जास्त फसवतं ते पेव. धान्य साठवायला जमिनीत खणलेला तो खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. आज कशाचंही ‘पेव फुटलं’ असं आपण म्हणतो, पण पेव पाहिलेली माणसं आता फार कमी राहिली. वापरातून गेलेलं, अर्धं ढासळलेलं पेव पोराला दिसलं, की संध्याकाळपर्यंत गावात भुयाराची बातमी होते.

पेवाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगतो, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १५-१६ वर्षांपूर्वी एका किल्ल्यावर, त्याचं नाव इथे नको, मी बारावीच्या मुलांना घेऊन गेलो होतो. तटाखाली एक तोंड होतं. मुलं हट्टाला पेटली आणि मी एकाला आत जाऊ दिलं. हातात बॅटरी होती, कमरेला दोर बांधला होता, मला वाटलं पुरे. तो ७-८ हात सरपटत गेला आणि आवाज द्यायचा थांबला. आम्ही दोर ओढून त्याला काढला. चेहरा पांढरा, डोकं गच्च, बाहेर येताच ओकला. अर्ध्या तासानं सावरला, म्हणून आज हे लिहू शकतो. चूक सर्वस्वी माझी होती. बंद खड्ड्यात पालापाचोळा कुजला की जड वायू तळाशी साचतो आणि श्वासाला लागणारी हवा कमी होते. पेवात साठवलेलं धान्यसुद्धा आतली हवा खातं, म्हणून जुने कास्तकार पेव उघडलं की वारा खेळेपर्यंत आत कुणाला उतरू देत नसत. जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायचे. विझला तर उतरायचं नाही. आणि कंदील जळत राहिला म्हणजे हवा चांगलीच आहे असंही नसतं, कारण काही विषारी वायूंत तो जळतच राहतो. तेव्हापासून माझा नियम एकच. ज्या जागेला दोन तोंडं नाहीत किंवा जिथे उभ्यानं उजेडातून उजेडात येता येत नाही, तिथे मी कुणालाही नेत नाही. तुमचा गाईड ‘आत थोडं जाऊन बघू’ म्हणाला, तर मुलाचा हात धरा आणि नाही म्हणा.

आता तिथे जमिनीखाली खरंच काय आहे ते सांगतो. ते भुयारापेक्षा मोठं आहे.

नगरधन म्हणजे जुनं नंदिवर्धन, वाकाटक राजघराण्याची राजधानी. आज दिसतो तो तट आणि दरवाजे त्यांच्या काळाचे नाहीत, खूप नंतरचे आहेत. गाईडनं हे आधी सांगितलं पाहिजे, बरेच सांगत नाहीत. वाकाटकांचं नगरधन पायाखाली आहे, किल्ल्याच्या आसपास आणि आजच्या गावातल्या घरांखाली. २०१५ ते २०१८ या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्यानं तिथे उत्खनन केलं. त्यात मातीची एक छोटी मुद्रा सापडली, तिच्यावर प्रभावतीगुप्ताचं नाव आणि शंखाचं चिन्ह. प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. ती वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याला दिली होती. तो लवकर गेला, मुलं लहान, आणि चौथ्या शतकाच्या अखेरीपासून पाचव्याच्या सुरुवातीपर्यंत या बाईनं राज्य चालवलं. तुमच्या पुण्याचा धागाही आहे बरं का. ‘पुणे ताम्रपट’ म्हणून ओळखला जातो तो तिचाच, आणि तो दिला गेला नंदिवर्धनहून. तिचा दुसरा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा; तो रामगिरीच्या, म्हणजे रामटेकच्या डोंगराच्या स्वामीच्या पायांपासून दिल्याचं त्यात लिहिलंय. म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वी एक विधवा राणी नगरधनहून राज्य करायची आणि रामटेकच्या डोंगरावर देवाच्या पायाशी यायची. या दोन जागांना जोडणारी वाट होती, ती जमिनीवरून जायची. आजोबांच्या गोष्टीतला जोड खरा आहे, भुयार तेवढं नाही. मुलाला हे असं सांगून बघा.

म्हणून मी दिवस असा लावतो. नगरधन, मग मनसर, मग रामटेक. गाडीवाले कुरकुरतात, कारण नागपूरहून जबलपूरच्या रस्त्यानं येताना मनसर आधी लागतं आणि माझ्या क्रमानं पुढे जाऊन परत मागे यावं लागतं, पंधराएक किलोमीटर वाढतात. वाढू द्या. गोष्ट राणीपासून सुरू होते, तिच्या मुलापर्यंत जाते आणि डोंगरावर संपते. नगरधनला सावली नाही, तेही एक कारण आहे. डिसेंबरातसुद्धा दुपारचं ऊन तिथे डोक्यावर बसतं. सकाळी ९ च्या सुमाराला तिथे असलात तर तट सोनेरी असतो, गवतावर दव असतं आणि आई निवांत फिरू शकतात. किल्ल्याच्या आत पायऱ्या उतरून जमिनीच्या पातळीखाली देवीचं ठाणं आहे. मुलाची जमिनीखाली जायची हौस तिथे भागेल, उजेडात आणि पायऱ्यांवरून. चपला काढा, आवाज हळू ठेवा, ती पूजेची जागा आहे. आईंना पायऱ्या जमतील का, हे त्या दिवशीच्या गुडघ्यांवर आहे. नाही जमल्या तर वरून हात जोडले तरी चालतं, हे त्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्यांना ओशाळं वाटणार नाही.

मनसरला टेकड्या आहेत. त्यातल्या एकीला लोक हिडिंबा टेकडी म्हणतात. भीमाची बायको हिडिंबा इथली, असं गाव सांगतं. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा या पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली इथे खोदकाम झालं आणि झाडोऱ्याखालून विटांचं प्रचंड बांधकाम वर आलं. कोन काढत जाणाऱ्या विटांच्या भिंती, एकावर एक थर. त्याआधी १९७२ मध्ये इथेच शिवाची ती सुंदर मूर्ती सापडली होती, जी आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पण मला विचाराल तर मनसरची सगळ्यात अंगावर येणारी गोष्ट म्हणजे बांधकामाच्या पोटात पुरलेली मातीची मोठी मानवाकृती. कुणी तिचा संबंध पुरुषमेधाशी, म्हणजे माणसाचा बळी देण्याच्या यज्ञाशी लावला, कुणी वास्तुपुरुषाशी. अभ्यासकांत त्यावर एकमत नाही. प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन यानं राजधानी नंदिवर्धनहून प्रवरपूरला हलवली. ते प्रवरपूर म्हणजे मनसर, असं काहींचं म्हणणं, इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी ते वर्ध्याजवळचं पवनार मानलं. याच परिसराला बौद्ध आचार्य नागार्जुनाचं स्थान मानणारी बौद्ध परंपराही आहे आणि तिच्या श्रद्धेनं येणारे लोक मला दर महिन्याला भेटतात. चांगला गाईड या सगळ्या बाजू सांगतो. वाईट गाईड एकच सांगतो, तीही पाहुण्यांचं आडनाव विचारून.

माझी एक पद्धत आहे, ती तुम्ही स्वतःही वापरू शकता. टेकडीच्या पायथ्याशी दंतकथा सांगायची, पूर्ण, मध्ये ‘असं म्हणतात’ न घालता. हिडिंबेची गोष्ट धाकटीला रंगवून सांगा. वर पोचल्यावर विटा दाखवायच्या आणि जे सापडलं ते सांगायचं. उलट क्रमानं केलं तर दंतकथा बिचारी खोटी पडते आणि मुलं हसतात. या क्रमानं केलं तर मुलगी स्वतः विचारते की मग हिडिंबेचं नाव का पडलं? हा प्रश्न फार चांगला आहे. राजघराणं गेलं, राजधानी गेली, विटांवर माती चढली, तरी इथे कुणी मोठं राहत होतं एवढी आठवण लोकांनी टाकली नाही, तिला आपल्या ओळखीचं नाव दिलं. मला असं वाटतं. नाव असलेली टेकडी गाव सहसा विसरत नाही.

इथेच एक कळकळीची विनंती. नगरधनला काय, मनसरला काय, पायाखाली खापरं दिसतील. काळी, तांबडी, कधी नक्षीची. मुलं उचलणार. उचलू देऊ नका. खापराला स्वतःची फार किंमत नसते, ते कुठल्या थरात, कशाच्या शेजारी होतं, याला असते. जागेवरून हललं की ते मुकं होतं. ती प्रभावतीची मुद्रा केवढी होती? मुठीत लपेल एवढी. कुणी हौसेनं खिशात घालून घरच्या शोकेसमध्ये ठेवली असती, तर नंदिवर्धन कुठे होतं याचा एवढा मोठा पुरावा गेला असता. आणि गुप्तधन. आमच्या भागात या एका शब्दानं जुन्या जागांची जेवढी वाट लावली, तेवढी पावसानंही लावली नसेल. अमावास्येला लिंबू-नारळ घेऊन येतात, देवळाचा पाया उकरतात आणि सकाळी तिथे तोंड वासलेला खड्डा असतो. म्हणून जो गाईड पाहुण्यांसमोर ‘इथे खजिना आहे’ असं हळू आवाजात सांगतो, त्याच्याबरोबर मी काम करत नाही. त्याची गोष्ट ऐकून कोण पहार घेऊन परत येईल, सांगता येत नाही.

दुपारी रामटेक. जेवण गावात करा, साधं भाजी-भाकरीचं, आणि आईंना तासभर आडवं होऊ द्या. गड मंदिराच्या बऱ्याच जवळ गाडी जाते, पण शेवटी पायऱ्या आहेतच. वाटेत वराहाची भली मोठी एकसंध दगडी मूर्ती लागते. तिच्या पोटाखालून सरपटत जो पलीकडे जातो तो पापमुक्त, अशी श्रद्धा. मुलं सहज जातात. जाड माणूस अडकला की लोक हसतात, मला ते आवडत नाही. म्हणून मी मोठ्यांना आधीच बाजूला घेऊन सांगतो की हे करायलाच हवं असं नाही. आईंना गुडघ्यावर रांगायचा मोह झाला तर तुम्ही सांभाळा. पुढे केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही वाकाटककालीन देवळं. केवल नरसिंहाच्या भिंतीवरचा शिलालेख चुन्याच्या लेपाखाली दडलेला होता, १९८० च्या दशकात तो उजेडात आला. अक्षरं बरीच झिजली आहेत. जेवढी वाचता आली त्यावरून प्रभावतीगुप्ताच्या मुलीनं आईच्या पुण्यासाठी हे देऊळ बांधलं, असं अभ्यासक सांगतात. तुम्ही आईला घेऊन तिथे उभ्या असाल. मी अशा वेळी काही बोलत नाही, दोन मिनिटं बाजूला होतो.

कालिदासाच्या ‘मेघदूता’तला यक्ष याच डोंगरावर होता असं आम्ही रामटेकवाले मानतो आणि मिराशींनीही रामगिरी म्हणजे रामटेकच असं मांडलं. सरगुजातल्या रामगढचाही दावा आहे, तेही मुलांना कळू द्या. मग खाली उतरून वेळ असेल तर कपूर बावडी. दगडी, खोल, खांबांच्या ओवऱ्या पाण्यापर्यंत उतरलेल्या. जमिनीखालची वास्तू म्हणून या फेरीतली सगळ्यात देखणी. पण पायऱ्यांवर शेवाळ असतं, म्हणून वरूनच पाहा, मुलांना पाण्याकडे सोडू नका. डिसेंबरात साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो आणि मग लगेच गारठा पडतो. बावडी आणि गडावरचा सूर्यास्त यांतलं एकच निवडायची वेळ आली तर आईंसाठी सूर्यास्त निवडा. वानरांपासून प्रसादाची पिशवी सांभाळा.

यातलं बरंच परिस्थितीवर आहे, तेही सांगून टाकतो. काटोलहून सकाळी निघून संध्याकाळी काटोललाच परतायचं तर जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर होतात, आईंना जड जाईल. आदल्या रात्री नागपुरात कुणाकडे मुक्काम करता आला तर दिवस हलका होतो. तसं केलंत तर काटोल रस्त्यावरच जुनापाणी लागतं, आदल्या संध्याकाळी अर्धा तास तिथे थांबा. सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोहयुगातल्या माणसांची दफनं. वर फक्त दगडांची रिंगणं दिसतात, माणसं खाली आहेत. इथे चढ नाही, तिकीट नाही, आणि मुलाला जमिनीखाली काय असतं याचं पहिलं उत्तर इथेच मिळेल. रविवार किंवा वर्षाचा शेवटचा दिवस असेल तर गडावर फार गर्दी असते, मधला वार बघा. मनसरचा काही भाग कधी बंद असतो, तेव्हा गाईडला आदल्या दिवशी चौकीदाराकडे विचारायला लावा. आणि आईंना मुळात फक्त रामाचं दर्शन हवं असेल, तर मनसरला त्यांना टेकडी चढायला लावू नका, पायथ्याशी झाडाखाली घडीची खुर्ची टाका.

गाडीवाल्याच्या यादीत कचारगड आणि भद्रावतीही आहेत असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही जागा मोलाच्या आहेत, पण या दिवसात नाहीत. कचारगडची गुहा गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यात, दरेकसाच्या जंगलात. ते गोंड समाजाचं मोठं श्रद्धास्थान आहे. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी गुहेत कोंडलेल्या ३३ मुलांना सोडवल्याची कथा तिथली. माघ पौर्णिमेला लाखो लोक येतात. तिथे जायचं तर स्वतंत्र दोन दिवस काढून, त्याच समाजातला वाटाड्या घेऊन जावं. ती गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकायची असते, माझ्या नाही. भद्रावतीची विजासन लेणी मात्र आईंसाठी पुढच्या खेपेला लक्षात ठेवा. डोंगरात सरळ आत जाणारा बोळ, टोकाला बुद्धमूर्ती, बाजूंना आणखी दोन तसेच बोळ. ‘भुयार’ या शब्दाच्या जवळ जाणारं, तरी सपाट पावलांनी बघता येणारं ठिकाण विदर्भात मला हे सापडलं. नागपूरहून सव्वाशे किलोमीटर.

राहिला गाईड. गाईड का घ्यायचा? फलक वाचता येतातच, पण नगरधनला जे आहे ते दिसत नाही. न दिसणारं दाखवायला माणूस लागतो. निवडताना फोनवर तीन गोष्टी विचारा. पहिली, नगरधनचं भुयार कुठवर जातं? ‘रामटेकपर्यंत, आतून घोडेस्वार जायचे’ असं ठणकावून सांगितलं तर दुसरा बघा. ‘लोक असं सांगतात, मी पाहिलेलं नाही’ म्हणाला तर तो आपला माणूस. दुसरी, आई वर चढल्या नाहीत तर त्यांच्याजवळ कोण थांबेल? याचं उत्तर त्याच्याकडे तयार असलं पाहिजे. तिसरी, एका फेरीत किती माणसं घेता? मी १२ च्या वर घेत नाही, मागच्या माणसाला ऐकू येत नाही म्हणून. पैसे आधी ठरवा, दुकानात नेऊन कमिशन घेणार नाही असं स्पष्ट बोलून घ्या, कुणाला राग येत नाही.

म्हणजे आदल्या संध्याकाळी जुनापाणी, सकाळी नगरधन, ११ च्या पुढे मनसर, दुपारी जेवण आणि आराम, ३ नंतर रामटेक. सातातली बाकीची ठिकाणं सोडा. सकाळी नागपुरातून निघताना तर्री-पोहे पोटभर खा, कारण नगरधनला चहाच्या पलीकडे काही मिळेलच असं नाही. आईंसाठी काठी, गरम पाण्याची बाटली आणि गडावर संध्याकाळी लागेल अशी शाल. मुलासाठी एक वही आणि मोजपट्टी द्या. नगरधनच्या तटात त्याला जेवढी तोंडं दिसतील तेवढी बाहेरून मोजू दे, रुंदी-उंची लिहू दे, आणि मोरी कुठली, चोरवाट कुठली, हे त्यानंच ओळखावं. माझ्याकडे अशा मुलांच्या वह्यांची पानं जपून ठेवलेली आहेत. त्यानं काढलेलं चित्र इथे टाकलंत तर मी बघून सांगेन त्याला काय सापडलंय ते.